पेल्यातली पाणबुडी

ग्रीसच्या एखाद्या बेटावर, उन्हाळ्यात, जुन्या वळणाच्या कॅफेत बसून तुम्ही म्हणालात, “एक पाणबुडी द्या,” तर कोणी दचकणार नाही. दोन मिनिटांत समोर एक उंच पेला येईल. त्यात बर्फगार पाणी, पाण्यात उभा बुडवलेला चमचा आणि चमच्याला चिकटलेला पांढराशुभ्र, घट्ट गोळा. हीच ती पाणबुडी! चमचा बाहेर काढायचा, गोळा थोडा चाटायचा, पुन्हा पाण्यात बुडवायचा. मधूनच पाण्याचा घोट घ्यायचा. चावायची घाई केलीत तर दात एकमेकांना चिकटून बसतील, आणि मग बोलायची पंचाईत.

गोळा असतो साखरेचा. साखरेचा दाट पाक नुसता ठेवून दिला तर त्यात मोठमोठे खडे जमतात. पण तो निवत असताना सारखा घोटत राहिलं, तर खडे मोठे व्हायच्या आत मोडतात आणि अगणित बारीक स्फटिक तयार होतात. इतके बारीक, की जिभेला ते रवाळ लागतच नाहीत. आणि पाणी गारच का? साखर गरम पाण्यात भराभर विरघळते, गार पाण्यात सावकाश. कोमट पाण्यात पाणबुडी दिली असती तर ती खरोखरच बुडाली असती.

आता तिचा वास घ्या. थोडा देवदाराच्या ओल्या लाकडाचा, थोडा धुपाचा, आणि तरी खावासा वाटणारा. हा वास येतो मस्तकीचा. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात ‘रुमी मस्तकी’ म्हणून मिळते तीच ही. पण ती येते कुठून, ही गोष्ट पाणबुडीहून भारी आहे.

तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ खिओस नावाचं ग्रीक बेट आहे. त्याच्या दक्षिण भागात बुटकी, वेडीवाकडी, सदाहरित झाडं आहेत. ही झाडं पिस्त्याच्या जवळच्या नात्यातली. आणि पिस्ता, काजू, आंबा हे सगळे एकाच कुळातले! कैरी देठापासून तोडली की चीक कसा उडतो आणि अंगाला लागला तर कसा पोळतो, हे कोकणातल्या मुलांना सांगायला नको. मस्तकीच्या झाडालाही असाच चीक असतो, फक्त तो गुणी आहे.

उन्हाळ्यात शेतकरी झाडाखालची जमीन झाडूनपुसून साफ करतात. तिच्यावर पांढरी, चुनखडीची बारीक माती पसरतात. मग टोकदार हत्यारानं खोडाला छोट्या छोट्या चिरा पाडतात. झाडाच्या दृष्टीनं ही जखमच. जखमेतून किडे आणि बुरशी आत शिरू नयेत म्हणून झाड तिच्यावर राळ ओतू लागतं. ती थेंबाथेंबानं ओघळते आणि पांढऱ्या मातीवर पडते. राळेतली पटकन उडून जाणारी द्रव्यं हवेत जातात आणि दोनेक आठवड्यांत थेंब कडक होतात. खाली चुनखडी असल्यानं ते जमिनीवरच्या मातीत बरबटत नाहीत. ग्रीक लोक या थेंबांना ‘अश्रू’ म्हणतात. एका झाडाचे वर्षाचे सगळे अश्रू गोळा केले, तर भरतात जेमतेम दीडशे-दोनशे ग्रॅम. मग घराघरांतून बायका टेबलाशी बसून, छोट्या सुरीच्या टोकानं, एकेका खड्याला चिकटलेली माती आणि पानाचा कण खरवडून काढतात. कंटाळवाणं काम आहे, पण गप्पा मारत चालतं. हे सगळं कसब २०१४ साली युनेस्कोनं जगाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातलं.

मस्तकीचा खडा तोंडात टाकला तर आधी काचेसारखा तडकतो आणि कडवट लागतो. घाबरून थुंकू नका. तोंडातल्या उबेनं तो मऊ पडतो आणि त्याचं च्युइंगगम होतं. साखर नाही, रंग नाही, तरी तासभर चघळा. डिंकाच्या लाडवातला डिंक पाण्यात फुगतो, विरघळतो. मस्तकी मात्र पाण्याला अजिबात दाद देत नाही, कारण ती डिंक नाही, राळ आहे. म्हणून तर थुंकीत ती विरघळून जात नाही.

तिथल्या स्वयंपाकघरातली एक युक्ती पाहा. मस्तकी खलबत्त्यात कुटायला गेलं की घर्षणानं गरम होते आणि बत्त्याला चिकटून बसते. म्हणून खडे आधी फ्रीझरमध्ये ठेवतात आणि चिमूटभर साखर घालून कुटतात. गारठलेले खडे ठिसूळ होतात आणि साखरेचे कण पुडीला पुन्हा एकत्र येऊ देत नाहीत. ही पूड मग आइस्क्रीममध्ये, ईस्टरच्या गोड पावात, पाणबुडीत, सगळीकडे जाते.

मस्तकी इतकी महाग, की तिच्यासाठी किल्ल्यांसारखी गावं बांधली गेली. चौदाव्या शतकापासून १५६६ पर्यंत खिओसवर इटलीतल्या जेनोआच्या व्यापाऱ्यांचं राज्य होतं, तेव्हाची ही गावं. मेस्ता नावाच्या गावात आजही घराला घर इतकं चिकटलेलं आहे, की बाहेरच्या रांगेतल्या घरांच्या पाठीच गावाचा तट होतात. गल्ल्या अरुंद आणि वळणावळणाच्या. शिरलेला चोर बाहेर पडायची वाटच शोधत बसेल. शेजारच्या पिर्गी गावात घरांच्या भिंतींवर काळ्यापांढऱ्या त्रिकोण-चौकोनांची नक्षी खरवडून काढलेली असते. ती बघताना आइस्क्रीम हातावर वितळतं, तेव्हा आधी खाऊन घ्या.

कोलंबस ठाऊक आहे ना? भारताला जायला निघाला आणि अमेरिकेला पोचला, तो. १४९३ साली त्यानं स्पेनला पत्र धाडलं. त्यात तो म्हणतो, की आजवर फक्त खिओसवर मिळणारी मस्तकी आता मी इकडून हवी तेवढी देईन! तिथे सापडलेली झाडं मस्तकीची नव्हतीच. पण त्याच खंडातून पुढे युरोपात एक वेगळंच फळ आलं. लाल, आंबटगोड, रसरशीत. टोमॅटो. म्हणजे प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटिसनं काकडी-टोमॅटो-चीजचं ‘ग्रीक सॅलड’ जन्मात खाल्लं नव्हतं. बिचारा.

खिओस हे झालं एकच बेट. ग्रीसला लहानमोठी मिळून सुमारे ६००० बेटं आहेत, पण माणसं राहतात ती सव्वादोनशेच्या आसपास. बाकीच्यांवर राहणार कसं? पाणीच नाही! चारी बाजूंना समुद्र आणि प्यायला थेंब नाही, अशी गंमत. एजियन समुद्रातल्या पुष्कळ बेटांवर बारमाही नदी नाही. पाऊस हिवाळ्यात थोडा पडतो, उन्हाळा ठणठणीत कोरडा. जुन्या घरांची छतं सपाट असायची, ती नुसती शोभेला नव्हे. छतावरचं पावसाचं पाणी घराखालच्या हौदात उतरायचं आणि वर्षभर पुरवून पुरवून वापरायचं. त्या पोस्टकार्डांवरच्या पांढऱ्या घरांकडे या नजरेनं पाहा, आणि मग तिथल्या ताटाकडे. जवळजवळ प्रत्येक पदार्थात पाण्याचा काहीतरी डाव खेळलेला दिसेल. कुठे ते पळवून लावलंय, कुठे कोंडून ठेवलंय, कुठे हवेतून पकडलंय.

हवेतून पकडलंय ते सांतोरिनीत. हे बेट म्हणजे फुटलेल्या ज्वालामुखीची कड. सुमारे ३६०० वर्षांपूर्वी त्याचा प्रचंड उद्रेक झाला, मधला भाग खचला आणि तिथे समुद्र शिरला. उरलेल्या चंद्रकोरीवर राखेचे आणि प्युमिसचे थर साचले. प्युमिस म्हणजे टाचा घासायला दुकानात मिळतो तो भोकाभोकांचा हलका दगड. रात्री समुद्रावरून दमट हवा आणि धुकं येतं. हे दगड त्यातली ओल शोषून घेतात, आणि दिवसा झाडांची मुळं त्यांच्याकडून ती हळूहळू काढून घेतात. एवढ्याशा ओलीवर तिथे टोमॅटो पिकतात! पाणी कमी, म्हणून फळ सुपारीपेक्षा जरा मोठं, साल जाड आणि चव एकदम ठसठशीत. पाण्यानं पातळच झालेली नाही ना. त्यांत कांदा, पुदिना आणि पीठ कालवून तिथे भजी तळतात. नाव आहे ‘दोमातोकेफ्तेदेस’. नाव उच्चारेपर्यंत ती गार होतात, म्हणून बोट दाखवून मागवली तरी चालेल.

तिथल्या द्राक्षवेलीही मांडवावर चढत नाहीत. शेतकरी वेल जमिनीलगत गोल गोल गुंडाळून तिची टोपली विणतात आणि घड त्या टोपलीच्या आत वाढतात. वारा बाहेरून घोंघावतो, आतली ओल टिकते.

सांतोरिनीत ‘फावा’ नक्की खा. एक पिवळी डाळ शिजवून, घोटून, वर ऑलिव्ह तेल, कांदा आणि लिंबू घालून देतात. ‘हे तर वरण!’ असं म्हणून तोंड वाकडं करू नका. ज्या रोपाची ही डाळ, ते आपल्या पूर्व विदर्भातल्या लाखोळीचं सख्खं भावंड आहे. दोघंही लॅथिरस या एकाच प्रजातीत येतात. डाळीच्या रोपांच्या मुळांवर गाठी असतात, त्यांत जिवाणू राहतात आणि ते हवेतला नायट्रोजन पकडून रोपाला खत पुरवतात. म्हणून राखेच्या निकस जमिनीतही त्यांचं अडत नाही. उद्रेकात गाडल्या गेलेल्या अक्रोतिरी या शहराच्या खोदकामात रांजण सापडले, त्यांत याच डाळीचे जळून कोळसा झालेले दाणे होते. म्हणजे हा बेत साडेतीन हजार वर्षं जुना आहे. आपल्या ताटातल्या किती पदार्थांबद्दल असं सांगता येईल?

पाणी पळवून लावण्यात क्रीट बेटावरचे लोक पटाईत. तिथला ‘पाक्सिमादी’ म्हणजे जवाच्या पिठाचा पाव. एकदा भाजून कापायचा आणि मंद भट्टीत पुन्हा तासन्‌तास वाळवायचा. पाणीच नाही, मग बुरशी कशावर जगणार? मेंढपाळ आणि खलाशी असा पाव महिनोन्‌महिने जवळ बाळगायचे. तो तसाच चावलात तर दातांच्या डॉक्टरांना बरं वाटेल. आधी पाण्याचा हबका मारायचा, वर किसलेला टोमॅटो, मऊ चीज, ऑलिव्ह तेल आणि ओरेगानो. याचं नाव ‘दाकोस’. तळाशी अजून थोडा कुरकुरीत आणि वर टोमॅटोच्या रसानं मऊ झालेला, अशा वेळी तो गाठायचा.

शाकाहारी मुलांनी इथे एक परिच्छेद उडी मारून पुढे जावं. बंदरावरच्या खानावळींसमोर दोरीवर ऑक्टोपस वाळत घातलेले असतात, आठही पाय लोंबत. आपल्याकडे वसई-वर्सोव्याला वलांड्यांवर बोंबील वाळतात, तसेच. ऑक्टोपसचं मांस चिवट असतं, म्हणून कोळी त्याला पकडल्यावर खडकावर आपटून आपटून नरम करतात. मग ऊन आणि वारा त्यातलं पाणी कमी करतो. पाणी कमी असलं की निखाऱ्यावर तो उकडल्यासारखा होत नाही, खरपूस भाजतो. आणखी एक मजा: ग्रीक चर्चच्या बऱ्याच उपासांना मासे-मटण चालत नाही, पण ऑक्टोपस चालतो, कारण जुन्या समजुतीनुसार त्याला रक्त नसतं. खरं तर असतं, पण निळं! आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या द्रव्यात लोह असतं, त्याच्या रक्तात तांबं. लाल दिसलं नाही म्हणून उपासाला पास.

चीजबद्दल लिहायला बसलो तर अंक संपेल. फेटा मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. मीठ जंतूंच्या अंगातलं पाणी ओढून घेतं, म्हणून ते वाढू शकत नाहीत. लेस्वोस बेटावर एक चीज चक्क ऑलिव्ह तेलात मुरत ठेवतात, म्हणजे हवेला शिरकावच नाही. नाक्सोस बेटाचं ‘ग्राव्हिएरा’ मधाबरोबर खाऊन बघा. मध तर मधमाश्यांनीच वाळवलेला असतो: फुलातला रस पाण्यासारखा पातळ, आणि माश्या पोळ्यात पंखांनी वारा घालून घालून त्यातलं पाणी उडवतात. मधात पाणी उरतं साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. बेटांवरच्या उघड्या टेकड्यांवर रानटी थाइम फुलतं, त्याचा मध सगळ्यांत वासाचा.

सीरोस बेटावर पाणी पळवत नाहीत, कोंडतात. तिथली ‘लुकुमी’ म्हणजे पिठीसाखरेत लोळवलेले थलथलीत चौकोनी तुकडे. साखर, पाणी आणि स्टार्च इतकंच साहित्य. शिजताना स्टार्चचे कण फुगतात, फुटतात आणि त्यांचे लांब लांब रेणू एकमेकांत गुंतून जाळं होतं. पाणी त्या जाळ्यात अडकतं. म्हणून लुकुमी दाबली की हलते, पण गळत नाही. ही मिठाई सीरोसला आली ती दुःखातून. १८२२ साली ऑटोमन सैन्यानं खिओसवर भीषण कत्तल केली. जीव वाचवून पळालेले लोक सीरोसला आले, एर्मुपोली हे बंदर वसवण्यात त्यांचा मोठा हात होता, आणि त्यांच्यातल्या मिठाईवाल्यांनी इथे कढया चढवल्या. पूर्वी जहाज बंदराला लागलं की टोपल्या घेतलेले विक्रेते थेट डेकवर चढायचे. तिथले मिठाईवाले आजही लुकुमीचं श्रेय आपल्या बेटाच्या पाण्याला देतात.

ते खरं असेल का? पाणी आणि पाण्यात एवढा फरक पडतो? याचं उत्तर सिफ्नोस बेटावर मिळतं. तिथे रविवारचा बेत ठरलेला: ‘रेविथादा’, म्हणजे काबुली चण्यांचं कालवण. शनिवारी संध्याकाळी मातीच्या मडक्यात भिजलेले चणे, कांदा, तमालपत्र, तेल आणि पाणी घालायचं, झाकण लावायचं आणि मडकं लाकडांच्या भट्टीत ठेवायचं. पूर्वी गल्लीतल्या सगळ्यांची मडकी एकाच भट्टीत जायची. रात्रभर मंद आच. रविवारी चर्चमधून घरी येताना मडकं उचलायचं. चणा टाळूला लागताच विरघळतो. आणि जुनीजाणती माणसं सांगतात, की यात पाणी घालायचं ते हौदातलं, पावसाचं. विहिरीचं नाही.

यात अंधश्रद्धा नाही, पक्कं रसायनशास्त्र आहे. विहिरीचं पाणी जमिनीतल्या खडकांतून झिरपत येतं आणि येताना कॅल्शियम घेऊन येतं. चण्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या द्रव्यानं चिकटलेल्या असतात. शिजताना पेक्टिन सुटतं, पेशी मोकळ्या होतात आणि दाणा मऊ पडतो. पण कॅल्शियम भेटलं की ते पेक्टिनच्या धाग्यांना जागोजागी टाके घालून घट्ट बांधून टाकतं. मग कितीही शिजवा, दाणा टणक. पावसाच्या पाण्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच.

आता याच्या बरोबर उलटी करामत बघा. ग्रीक घरी पाहुणा आला की त्याच्यापुढे एक बशी येते, तिच्यात चमचाभर पाकातलं फळ, शेजारी गार पाणी आणि मोठ्यांना कॉफी. याला म्हणतात ‘चमच्याची मिठाई’. कारण ती देतात चमचाभरच. आंबट चेरी, लिंबाच्या कुळातली फळं, कोवळे हिरवे अक्रोड, एवढीशी वांगी, सांतोरिनीत तर ते चिमुकले टोमॅटोसुद्धा! पाक इतका दाट, की जंतूंना त्यातलं पाणी घेताच येत नाही, म्हणून बरणी कपाटात टिकते. पण पाकात तासभर शिजून टोमॅटोचा चिखल कसा होत नाही? कारण आधी तो चुन्याच्या निवळीत भिजवून, मग खूप वेळा धुऊन घेतात. निवळीत काय असतं? कॅल्शियम! सिफ्नोसच्या आज्या ज्याला मडक्याबाहेर ठेवायला धडपडतात, त्यालाच दुसऱ्या बेटावरच्या आज्या हौसेनं बोलावतात. तेच टाके, तेच पेक्टिन. फळ आतून रसाळ, बाहेरून दाताखाली करकरीत.

प्रयोग करून बघायचाय? ग्रीसला जायची गरज नाही. जूनमधले पहिले काही पाऊस जाऊ द्या, म्हणजे हवेतली धूळ धुऊन जाईल. मग स्वच्छ पातेलं उघड्यावर ठेवून पावसाचं पाणी धरा. छतावरून गळणारं नको. दुसऱ्या पातेल्यात बोअरवेलचं पाणी, तेही असं निवडा, की ज्यानं बादलीवर पांढरे डाग पडतात. दोन्हींत मोजून वीस-वीस काबुली चणे रात्रभर भिजत घाला. सकाळी मोठ्यांना सांगून दोन्ही उघड्या पातेल्यांत, त्याच त्याच पाण्यात, सारखाच वेळ शिजवा. प्रेशर कुकर नको. त्याची आच इतकी दांडगी असते, की फरक झाकून जाईल. मग दर दहा मिनिटांनी दोन्हींतला एकेक चणा काढून, फुंकर घालून, चिमटीत दाबा आणि वहीत वेळ लिहा. दाबून पाहिलेले चणे मोजायला विसरू नका, आणि हे चणे खायचे नाहीत, प्रयोगाचे आहेत.